पंगत, पाट आणि ओस वाटा: २४ हजार जीपीयूंच्या एका क्लस्टरचं प्रकरण

मार्च २०२४ मध्ये मेटा कंपनीने आपल्या दोन नव्या क्लस्टरांची, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांच्या ताफ्यांची, माहिती जाहीर केली. प्रत्येकात २४,५७६ जीपीयू, म्हणजे एआयचे हिशोब करणाऱ्या चिपा. एकाचं जाळं इथरनेटवर उभं होतं, दुसऱ्याचं इन्फिनिबँडवर (संगणक जोडायच्या या दोन वेगळ्या पद्धती), आणि दोन्हीकडे प्रत्येक जीपीयूला सेकंदाला ४०० गिगाबिटांची स्वतःची जोडणी. अशा निवेदनांत सहसा कौतुकच जास्त असतं, पण यात एक सरळ कबुलीही होती. छोट्या क्लस्टरवर जाळ्याची ९० टक्क्यांहून जास्त क्षमता हाताला लागत होती. मोठ्या क्लस्टरवर, काहीही न बदलता, तोच आकडा १० ते ९० टक्क्यांच्या मध्ये कुठेही हेलकावत होता.

म्हणजे तारा शाबूत, माहिती योग्य तारेवर वळवणारे स्विच चालू, कागदावरचा हिशोब चोख, आणि तरी माहितीचा माल पुढे सरकेना. पुढे दुरुस्ती झाली आणि आकडा पुन्हा ९०च्या वर गेला. बदल मुख्यतः तीन ठिकाणी करावे लागले: कामं वाटून देणारा शेड्युलर, स्विचमधलं राउटिंग (म्हणजे वाट ठरवणं) आणि जीपीयूंना एकमेकांशी बोलायला लावणारी लायब्ररी. मला यातलं इथरनेटचं जाळं जास्त रंजक वाटतं. ऑगस्ट २०२४ मध्ये सिडनीत भरलेल्या सिगकॉम या संगणक-जाळ्यांच्या परिषदेत मेटाच्या अभियंत्यांनी त्या तऱ्हेच्या जाळ्यांचा अनेक वर्षांचा अनुभव फसलेल्या उपायांसकट मांडला. फसलेलं छापायची रीत आमच्या धंद्यात कमीच.

पंगतीचा नियम

आधी काम काय आहे ते पाहू, कारण निम्मं दुखणं कामाच्या स्वभावात आहे.

मोठं भाषा-मॉडेल शिकवताना हजारो जीपीयू एकाच मॉडेलवर एकदम काम करतात. प्रत्येकजण आपल्या वाट्याच्या मजकुरावरून हिशोब करतो आणि मग सगळ्यांचे हिशोब एकत्र मिळवले जातात. ही मिळवणी झाल्याशिवाय पुढची फेरी सुरू होत नाही. आपल्याकडच्या पंगतीसारखं आहे हे: शेवटच्या माणसाचं ताक पिऊन होईपर्यंत कोणी उठायचं नाही. १६ हजारांपैकी १५,९९९ जणांचा माल वेळेत पोचला आणि एकाचा अडकला, तर सगळे हात धुवायची वाट बघत बसून राहतात. त्यामुळे जाळ्याचा सरासरी वेग इथे फारसं काही सांगत नाही. विचारायचं ते एवढंच, की सर्वांत मागे राहिलेला किती मागे आहे?

आकार लक्षात यावा म्हणून थोडा हिशोब करू. याच इथरनेट क्लस्टरवर मेटाच्या लामा ३ कुटुंबातलं सर्वांत मोठं, ४०५ अब्ज पॅरामीटरांचं (म्हणजे शिकताना बदलत जाणाऱ्या आकड्यांचं) मॉडेल शिकवलं गेलं. एका वेळी १६ हजारांपर्यंत एच१०० जीपीयू त्यावर होते. मॉडेल आधी ८ जीपीयूंत आडवं आणि मग १६ टप्प्यांत उभं कापलेलं, म्हणजे एकूण १२८ तुकडे. एका जीपीयूच्या वाट्याला येतात सुमारे ३.१६ अब्ज पॅरामीटर. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर मिळवणीसाठी पाठवायचा ऐवज होतो साडेबारा गिगाबाइटांच्या जरा वर. ४०० गिगाबिट म्हणजे सेकंदाला ५० गिगाबाइट. वाट मोकळी असेल तर एवढा ऐवज पाव सेकंदात जातो. त्याच वाटेवर दुसरा कोणी आला तर अर्धा सेकंद, तिसरा आला तर पाऊण. प्रत्यक्षात हा माल तुकड्या-तुकड्यांनी आणि हिशोब चालू असतानाच पाठवतात, त्यामुळे थोडा विलंब झाकला जातो. पण फेऱ्या लाखांच्या घरात असतात, आणि प्रत्येक फेरीत सर्वांत मंद वाटेचीच गती सगळ्यांना लागते.

दुसरी गोष्ट, ही वाहतूक वेबसाइटच्या वाहतुकीसारखी नसते. तिथे लाखो माणसं लहान-लहान मागण्या करतात आणि त्यांची गर्दी आपोआप पसरते. इथे मोजके प्रवाह, पण एकेक हत्तीएवढा. सगळे एकाच क्षणी सुटतात, मग सामसूम, मग पुन्हा सगळे एकदम.

जाळ्याचा सांगाडा

रचना सांगायला सोपी आहे. एका रॅकमध्ये, म्हणजे यंत्रांच्या कपाटात, दोन सर्व्हर, प्रत्येकात ८, असे १६ जीपीयू, आणि डोक्यावर त्यांचा एक स्विच. असे १९२ रॅक वरच्या स्विचांनी जोडून ३,०७२ जीपीयूंचा एक पॉड होतो. पॉडच्या आत कुठेही आखडता हात नाही: खालून जेवढं येऊ शकतं तेवढं वर न्यायची पूर्ण सोय. एकाच इमारतीत असे आठ पॉड तिसऱ्या थराने जोडलेले. मात्र त्या तिसऱ्या थरावर खालच्या मागणीच्या एक-सप्तमांशच क्षमता आहे. हा १:७ चा आकडा पुढे कामाला येणार आहे.

अशा थरांच्या रचनेला क्लोस जाळं म्हणतात. बेल लॅब्जमधल्या चार्ल्स क्लोस यांनी १९५३ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी ती मांडली होती. तिचा फायदा असा, की कोणत्याही दोन टोकांमध्ये सारख्याच लांबीच्या अनेक वाटा मिळतात. आणि सगळं घोडं तिथेच अडतं. वाटा अनेक आणि सारख्या असल्या, तर कोणी कोणत्या वाटेने जायचं हे ठरवणार कोण?

नंबरप्लेट बघून रांग

याचं रूढ उत्तर ईसीएमपी, म्हणजे सारख्या वाटांवर वाहतूक वाटून द्यायची पद्धत. स्विचकडे पॅकेट, म्हणजे मालाचा छोटा तुकडा, आलं की त्याच्या माथ्यावरच्या पाच गोष्टी बघायच्या: पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, दोघांचे पोर्ट क्रमांक आणि प्रोटोकॉल. त्यांचा हॅश काढायचा, म्हणजे ठरलेल्या सूत्राने त्यांतून एक आकडा बनवायचा, आणि जो आकडा येईल त्या वाटेवर ढकलायचं. टोलनाक्यावर गाडीचा नंबर बघून ‘तू तिसऱ्या रांगेत, तू सातव्या’ म्हणावं तसं. रांग किती मोठी आहे हे बघायचंच नाही. गाड्या हजारो असतील तर हे ठीक चालतं. एका प्रवाहाची सगळी पॅकेटं एकाच वाटेने जातात, म्हणून ती क्रमानेही पोचतात.

गाड्या मोजक्याच असतील तर? समजा रॅकमधून वर १६ वाटा आहेत आणि १६ जीपीयूंपैकी प्रत्येकाचा एकच प्रवाह बाहेर पडतोय. हॅश अगदी निःपक्षपाती आहे असं धरू. सोळाही प्रवाहांना सोळा वेगवेगळ्या वाटा मिळायची शक्यता आहे सुमारे ८ लाख ८१ हजारांत एक. सरासरीने बघितलं तर १६ पैकी पाच-सहा वाटा ओस पडतात आणि कुठल्यातरी एकीवर तिघे जण कोंबलेले असतात. पंगतीचा नियम आठवा: ते तिघे तिप्पट वेळ घेणार आणि बाकीचे त्यांच्यासाठी थांबणार. एकूण क्षमता भरपूर असूनही हाती एक-तृतीयांश वेग. यात कोणाचं काही बिघडलेलं नाही, ही निव्वळ संभाव्यता आहे. १० ते ९० टक्क्यांचा तो हेलकावा बघून मला आश्चर्य वाटलं नाही ते यामुळे. ज्या दिवशी फासा जसा पडला तसा आकडा.

त्यात आणखी एक गोम. हे जीपीयू आरडीएमए वापरतात, म्हणजे एक यंत्र दुसऱ्याच्या मेमरीत तिथल्या प्रोसेसरला न विचारता थेट लिहितं. इथरनेटवरून हे करायच्या पद्धतीला आरओसीई म्हणतात. बोलताना सगळे ‘रॉकी’ म्हणतात. तिच्या आजच्या आवृत्तीत घेणाऱ्याचा पोर्ट क्रमांक कायम एकच असतो, ४७९१. म्हणजे हॅशला चघळायला दिलेल्या पाच गोष्टींपैकी प्रोटोकॉल आणि हा पोर्ट सगळ्या गाड्यांवर सारखेच. नंबरप्लेटचे निम्मे आकडे रंगवून टाकावेत आणि मग नंबरावरून रांगा लावाव्यात, तसला प्रकार.

‘मग प्रत्येक पॅकेट वेगवेगळ्या वाटेने उधळा’ असं कोणीही सुचवेल. पण तसं केलं की पॅकेटं उलटसुलट क्रमाने पोचतात. रूढ रॉकी कार्डं क्रम चुकला की मधलं पॅकेट हरवलंच असं धरतात आणि तिथून पुढचं सगळं परत मागवतात. औषधाने रोग वाढायचा.

नेमून दिलेल्या वाटा

मेटाचा सुरुवातीचा उपाय कोणाही शहाण्या माणसाला सुचेल असाच होता. फासे टाकण्यापेक्षा वाटा नेमूनच द्या. पॅकेट ज्याच्याकडे निघालंय तो आपल्या रॅकच्या स्विचवर कितव्या जागी बसलाय ते बघायचं आणि त्या क्रमांकावरून वरची वाट ठरवायची. सगळं ठरलेलं, टक्कर नाही, हॅश नाही.

कागदावर हे निर्दोष आहे. एका अटीवर: रॅक पूर्ण एकाच कामाला दिलेला असावा आणि जाळ्यात काही मोडलेलं नसावं. व्यवहारात दोन्ही अटी मोडल्या.

शेड्युलरचं काम रिकामे सर्व्हर शोधून त्यांवर कामं बसवणं. त्याच्या दृष्टीने रॅकमधले दोन सर्व्हर म्हणजे दोन स्वतंत्र सर्व्हर. एक मोकळा, एक व्यग्र असेल तर तो मोकळा देऊन टाकतो, आणि त्याच्या जागी कोणीही तेच करेल. महागडे जीपीयू रिकामे ठेवण्यापेक्षा बरं. पण वाटा नेमताना गृहीत धरलं होतं, की रॅक अख्खा येईल. अर्धा रॅक या कामाला आणि अर्धा त्या कामाला गेला, की वरच्या वाटांवर काही ठिकाणी रेटारेटी आणि काही ठिकाणी शुकशुकाट. त्याची किंमत मेटाच्या लोकांनी छापली आहे: प्रशिक्षणाचा वेग ३० टक्क्यांहून जास्त घसरला. शिवाय एखादी वरची लिंक किंवा अख्खा स्विच पडला, की तिथले प्रवाह जुन्या ईसीएमपीने इतरत्र ढकलले जायचे आणि आधीच नेमणूक असलेल्या प्रवाहांवर जाऊन आदळायचे.

तात्पुरता इलाज पैशांचा केला. रॅकमधून वर जाणारी क्षमता दुप्पट केली, म्हणजे खालून जेवढं येईल त्याच्या दुप्पट वर न्यायची सोय. टकरी होत राहिल्या, पण रस्ता इतका रुंद की त्या झेपल्या. हा उपाय कायमचा नाही हे त्यांनाही माहीत होतं. जाळ्याचा खर्चही त्याच पटीत वाढतो.

या टप्प्यावर थोडं थांबावंसं वाटतं. राउटिंग करणाऱ्यांनी चूक केली का? त्यांच्या प्रश्नाचं उत्तर बरोबर होतं. शेड्युलरवाल्यांनी चूक केली का? त्यांचंही बरोबर होतं. काम कुठे बसवायचं आणि माल कोणत्या वाटेने न्यायचा, हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत. ते दोन टेबलांवर वेगवेगळे सोडवले, म्हणून दोन बरोबर उत्तरांची बेरीज चुकली. कोणत्याही मध्यम आकाराच्या क्लस्टरवर ज्याने काम केलंय त्याने हे पाहिलं असेल. ‘नेटवर्क स्लो आहे’ अशी तक्रार येते, नेटवर्कवाले आलेख दाखवून ‘लिंक्स चाळीस टक्केही भरलेल्या नाहीत’ म्हणतात, आणि दोघेही खरं बोलत असतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

एका हत्तीचे सोळा बैल

पुढच्या उपायाची गंमत अशी, की त्यांनी फासे टाकणं सोडलं नाही. फासे जास्त वेळा टाकले.

रॉकीमध्ये दोन टोकांमधल्या संभाषणाला क्यू-पेअर म्हणतात. आधी दोन जीपीयूंमध्ये मोजक्याच क्यू-पेअर असायच्या. आता लायब्ररीनेच एका जोडीत अनेक क्यू-पेअर उघडायच्या. लामा ३ च्या वेळी हा आकडा होता १६. आणि स्विचला सांगायचं, की हॅश काढताना नेहमीच्या पाच गोष्टींबरोबर रॉकीच्या माथ्यावरचा क्यू-पेअर क्रमांकही बघ. बऱ्याच आधुनिक स्विचच्या चिपांत असं जास्तीचं क्षेत्र वाचायची सोय असते, ती इथे वापरली. याला त्यांनी सुधारित ईसीएमपी म्हटलं.

मघाचाच हिशोब पुन्हा मांडू. आता १६ जीपीयूंचे प्रत्येकी १६, म्हणजे २५६ प्रवाह, आणि वाटा तेवढ्याच १६. प्रत्येक वाटेवर सरासरी १६ प्रवाह, त्यात साधारण चारचा चढउतार. सर्वांत गजबजलेल्या वाटेवर २३-२४ येतील. म्हणजे वाईटात वाईट वाटेवरचा बोजा सरासरीच्या दीडपटीच्या आसपास, आधी तो तिप्पट होता. आणि एखादी वाट पूर्ण ओस पडायची शक्यता दहा लाखांत एकाच्या आसपास. कोणी कुठलीही हुशारी केलेली नाही, फक्त हत्तीचे सोळा बैल केले. साध्या ईसीएमपीच्या तुलनेत मिळवणीच्या कामगिरीत या उपायाने ४० टक्क्यांपर्यंत सुधारणा झाल्याचं त्यांनी नोंदवलं आहे.

बैल करायचेही दोन प्रकार आहेत. एक, प्रत्येक निरोप फोडून सगळ्या क्यू-पेअरवर थोडा-थोडा पाठवायचा. दोन, निरोप अखंड ठेवून आलटूनपालटून एकेका क्यू-पेअरवर द्यायचा. वरवर पहिला जास्त समान वाटतो. पण त्यात निरोप लहान होतात आणि पोचपावत्यांची संख्या वाढते. मेटाच्या निरोपांच्या आकाराला दुसरा प्रकार जास्त मानवला. हा निर्णय सगळीकडे तसाच लागू पडेल असं नाही, तुमच्या निरोपांचा आकार किती यावर तो अवलंबून आहे.

हा उपाय पहिल्यापेक्षा तत्त्वाने कनिष्ठ आहे, हे मला फार आवडतं. नेमलेल्या वाटांत टक्कर शून्य होती, इथे टक्कर रोज आहे, फक्त सौम्य. पण याला कशाचीच पूर्वअट नाही. रॅक अर्धा आला तरी चालतं, लिंक तुटली तरी उरलेल्या वाटांवर पुन्हा तसेच फासे पडतात. नेमलेल्या वाटांचं गणित एका धक्क्याने कोसळायचं, याचं थोडंसं ढळतं.

वरून बघणारा

मधल्या काळात तिसरा मार्गही चोखाळला: केंद्रीय नियंत्रक. जाळ्याचा ताजा नकाशा आणि कोणतं काम कुठे बसलंय याची माहिती एका जागी गोळा करायची, त्यावरून कोणाचा माल कोणाकडे जाणार याचा तक्ता बांधायचा, वाटा काढायच्या आणि स्विचमध्ये लिहायच्या. नियंत्रक काही बोलला नाही तर नेहमीचं ईसीएमपी खाली तयारच. विस्तृत भूभागावरच्या जाळ्यांत ही कल्पना जुनी आहे. गूगलने डेटा सेंटरांना जोडणाऱ्या आपल्या बी-फोर जाळ्याबद्दल २०१३ मध्ये लिहिलं होतं, तेव्हा अशाच केंद्रीय नियंत्रणाने अनेक लिंक्स जवळपास पूर्ण भरून चालवत असल्याचं सांगितलं होतं.

सगळं धडधाकट असताना हा मार्ग जास्त समतोल भार देतो. पण एका वेळी अनेक लिंक्स पडल्या की त्याची कामगिरी घसरते, आणि सांभाळायला एक आणखी गुंतागुंतीची यंत्रणा येऊन बसते. २४ हजारांच्या क्लस्टरसाठी सुधारित ईसीएमपीच ठेवलं गेलं. मला तरी हे पटतं. जिथे रोज काहीतरी मोडतंच, तिथे मोडल्यावर कसं वागतं हाच गुण पहिला बघावा.

पाट मांडल्याशिवाय वाढप नाही

वाट नीट निवडली तरी एक संकट उरतं: अनेकांनी एकाच वेळी एकाकडे माल पाठवणं. वाटा कितीही असोत, शेवटचा दरवाजा एकच.

रॉकीच्या जगात यावर दोन आयुधं आहेत. पहिलं पीएफसी: बफर, म्हणजे माल तात्पुरता ठेवायची जागा, भरत आला की स्विच मागच्याला ‘थांब’ म्हणतो. पॅकेट गळत नाही, पण तो थांबा मागे-मागे पसरतो आणि ज्यांचा काही संबंध नाही असे प्रवाहही अडकतात. दुसरं डीसीक्यूसीएन, २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि मेलानॉक्स यांच्या संशोधकांनी मांडलेलं: स्विच गर्दीच्या वेळी पॅकेटांवर खूण करतो, घेणारा ते पाठवणाऱ्याला कळवतो, पाठवणारा वेग कमी करतो. पाठ्यपुस्तकात दोन्ही लावायला सांगतात.

मेटाच्या लोकांनी २०० गिगाबिटांच्या पिढीत तसंच केलं. ४०० वर गेल्यावर डीसीक्यूसीएनचे खुंटे पिळून पाहिले, आणि शेवटी ते बंद करून टाकलं. सिगकॉमच्या निबंधात ते लिहितात, की वर्षभराहून जास्त काळ फक्त पीएफसीवर काम चाललंय आणि चिवट गर्दी दिसलेली नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो परिच्छेद दोनदा वाचला. गर्दी-नियंत्रण बंद? एवढ्या जाळ्यावर?

गुपित लायब्ररीत होतं. जीपीयूंमधल्या देवाणघेवाणीत घेणाऱ्याकडे माल उतरवायला ठरावीक मापाचे बफर असतात. बफर मोकळा झाला की घेणारा एक छोटा निरोप पाठवतो: ‘आता पाठव, एवढं पाठव, या जागी ठेव.’ तो आल्याशिवाय पाठवणारा एक बाइटही सोडत नाही. पाट मांडला, पान वाढायला तयार, मगच वाढपी पुढे येणार. म्हणजे गर्दी झाल्यावर वेग कमी करण्याऐवजी, जितकं मावतं तितकंच मुळात रस्त्यावर येतं. ही सोय गर्दी-नियंत्रण म्हणून कोणी बसवलेलीही नव्हती. लायब्ररी बफर पुन्हा-पुन्हा वापरते, त्यासाठी ती होतीच. मेटाने ते ओळखलं आणि तिच्यावर भिस्त ठेवली.

त्यासाठी दोन गोष्टी जुळवाव्या लागल्या. एक, बफर किती आणि केवढे ठेवायचे. फार लहान ठेवले तर जोडणी उपाशी राहते, फार मोठे ठेवले तर पुन्हा गर्दी. त्यात बफर भरणं-उपसणं जीपीयूच्याच धाग्यांना, म्हणजे त्यात समांतर चालणाऱ्या कामांना, करावं लागतं, आणि ते धागे मुख्य हिशोबालाही हवे असतात. दोन, ‘आता पाठव’ हा निरोप इवलासा असला तरी तो गर्दीत अडकला तर सगळंच अडकतं, म्हणून स्विचांवर त्याला वरच्या प्राधान्याची रांग दिली. शिवाय वरच्या थरातले स्विच खोल बफरचे घेतले, क्षणभराची उसळी पोटात घेतील असे.

कोण कोणाशेजारी बसतं

आता १:७ कडे येऊ. पॉडच्या आत भरपूर, पॉडबाहेर एक-सप्तमांश. हा कंजूसपणा जाणूनबुजून आहे, कारण २४ हजार टोकांना पूर्ण क्षमतेने जोडायचं तर वरच्या थराचा खर्च भलताच वाढतो. मग तो कमीपणा जाणवू न देण्याची जबाबदारी शेड्युलरवर येते.

मॉडेल कापायच्या तऱ्हा अनेक आहेत आणि त्यांची जाळ्याची भूक वेगवेगळी आहे. आडव्या कापाला मॉडेलच्या प्रत्येक थराला बोलावं लागतं, ती भूक राक्षसी. म्हणून ते आठ जीपीयू एकाच सर्व्हरच्या आत ठेवतात, जिथे एनव्हीलिंकची वेगळीच जलद जोडणी असते. टप्प्यांच्या कापात शेजारच्या टप्प्याशीच बोलायचं. मिळवणीच्या गटांना विलंब सर्वांत जास्त सोसतो, कारण तो हिशोबाच्या आड लपवता येतो. म्हणून लांबचे प्रवास त्यांच्या वाट्याला. लामा ३ मध्ये कापांची उतरंड याच क्रमाने लावली आहे.

शेड्युलरला आता सर्व्हरची जागा माहीत असते. काम एकाहून जास्त पॉडांत पसरणार असेल, तर ते असं विभागायचं की सीमेवरून कमीत कमी माल जाईल. आलेखशास्त्रात याला लघुतम छेद म्हणतात. शिवाय हजारो प्रक्रियांपैकी कोणाला कितवा क्रमांक द्यायचा हेही जागा बघून सुचवायचं, कारण माल कोणाकडून कोणाकडे फिरवायचा याची वर्तुळं आणि झाडं लायब्ररी त्या क्रमांकांवरून बांधते. लागोपाठचे क्रमांक दूरच्या पॉडांत पडले, की प्रत्येक फेरीत माल उगाच वरच्या थरावर जाऊन खाली येतो.

हे दुखणं नवं नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला तेव्हा त्यात इनमॉस कंपनीचे टी-८०० ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते, आणि प्रत्येक ट्रान्सप्युटरला बाहेर जायला चारच तारा. चार तारांच्या यंत्रावर प्रोग्रॅम लिहिताना कोण कोणाशेजारी बसणार हे आधी ठरवावंच लागतं. मग मधल्या काळात स्विच इतके चांगले झाले, की ‘सगळे सगळ्यांना सारखेच जवळ’ असं धरून चालायची सवय लागली.

लामा ३ च्या प्रशिक्षणातल्या ५४ दिवसांचा ताळेबंद मेटाने छापला आहे. काम ४६६ वेळा थांबलं, त्यातले ४१९ थांबे अनपेक्षित. सर्वांत मोठा वाटा बिघडलेल्या जीपीयूंचा, १४८. स्विच आणि तारांच्या नावावर ३५, म्हणजे ८.४ टक्के. दीड दिवसाला साधारण एक. नेमलेल्या वाटांच्या काळात यातला प्रत्येक बिघाड शेजारच्या प्रवाहांवर आदळला असता. इथे काम थांबतं, शेवटच्या नोंदीपासून पुन्हा सुरू होतं, आणि शेड्युलर बदली सर्व्हर शोधायला लागतो. त्याला तो त्याच पॉडमध्ये मिळतो का, यावर पुढच्या हजारो फेऱ्यांचा वेग ठरतो.